एका घरात एकच

३ फेब्रुवारी, सोमवार

या दवाखान्यात चहा नळीने प्यावा लागतो. ही तक्रार मी पूर्ण शुद्धीत आणि चाळीस वर्षांच्या अखंड चहासेवेला स्मरून नोंदवतो आहे. कप आहे, बशी आहे, वाफ आहे, आणि त्या वाफेत एक पांढरी प्लास्टिकची नळी उभी आहे, सरबतात असते तशी. पहिल्या घोटाला जीभ भाजली, दुसऱ्याला स्वाभिमान. कारण विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, दात पांढरे करायच्या जागी चहा म्हणजे शत्रुपक्ष, त्याला दातांवरून मिरवत नेणं पेशंटसमोर बरं दिसत नाही.

एवढं एक सोडलं तर नोकरी झकास आहे. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर शाळेच्या ध्यानात आलं की संस्कृत कुणालाच नको आहे, आणि पर्यायाने मीही. मग ही जाहिरात दिसली: दातांच्या दवाखान्याला पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी सुवाच्य अक्षराचा, प्रौढ, शांत स्वभावाचा माणूस हवा. तिन्ही विशेषणं मला लागू पडतात असं मी अर्जात ठोकून दिलं. तिसऱ्याबद्दल बायकोने आक्षेप घेतला असता, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली.

जागा छोटी, पण बांधणी चमत्कारिक. रस्त्याकडून आत आलं की बसायची खोली, तिच्यात भिंतीला एक बेसिन आणि एकच खुर्ची. पुढे उपचाराची खोली. मग एक बोळ, बोळाच्या कडेला माझी खोली, आणि शेवटी मागच्या गल्लीत उघडणारं दार. माझ्या खोलीत टेबल, पत्रांचं कपाट, एक लहान फ्रिज आणि दाराला आतून चांगली मनगटाएवढी कडी. पत्रं लिहिणाऱ्याला एवढा बंदोबस्त कशाला, देव जाणे.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बुटक्या, तोलून बोलणाऱ्या. त्यांचे स्वतःचे दात जुन्या पोथीच्या पानांसारखे पिवळे आहेत. मला गंमत वाटली, पण पहिल्याच दिवशी विचारण्याइतका मी वेडा नाही. सिस्टर मास्क काढतच नाहीत. चहासुद्धा नळी मास्कखालून सरकवून पितात.

टेबलाच्या खणात आतून कागद चिकटवला आहे, डॉक्टरबाईंच्या अक्षरात: एका वेळी एक, मध्ये वीस मिनिटं. पुढून आत, मागून बाहेर. एका घरात एकच. सूत्रं म्हणावीत इतकी आटोपशीर. भाष्य मात्र कुठेच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मला खुर्चीशेजारी उभं करून सगळं काम दाखवलं, म्हणजे पत्रात भलतंसलतं जायला नको. आधी तोंडात प्लास्टिकची कमान बसवतात. तिने ओठ चहूबाजूंनी ताणले जातात आणि अतिशय प्रतिष्ठित माणूसही खिंकाळण्याच्या बेतातला घोडा दिसू लागतो. मग हिरड्यांवर लेप, तो कडक होतो, म्हणजे औषधाने हिरडी भाजत नाही. मग दातांवर जेल, वरून निळा दिवा, पंधरा मिनिटं. पुसायचं, पुन्हा जेल, पुन्हा दिवा. अशा तीन फेऱ्या. जेल बाजारातलं नाही. डॉक्टरबाई स्वतः कालवतात आणि माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवतात. नंतर दोन दिवस पेशंटने फक्त पांढरं खायचं: भात, दूध, दही, केळं. मी याला श्वेतव्रत असं नाव दिलं. सिस्टर हसल्या की नाही ते मास्कमुळे समजलं नाही.

रंग मोजायला एक पट्टी असते, तिच्यावर चिनीमातीचे सोळा दात, काळपटापासून पांढऱ्यापर्यंत ओळीने. ती दातांशेजारी धरायची, जुळतो तो आकडा कार्डावर. पण बहुतेक पेशंट उठताना या पट्टीच्या पार पलीकडे गेलेले असतात. त्यांच्यासाठी डॉक्टरबाईंकडे दुसरी पट्टी आहे, स्टीलची, तीनच दातांची. पहिल्याला पांढरा म्हणावं तर तिसऱ्याला काय म्हणावं? श्वेत, शुक्ल, धवल, सित, गौर, सगळे शब्द लावून पाहिले. एकही पुरला नाही.

माझं आजचं पुण्यकर्म: जुन्या पेशंटांना वेळ कळवायचा मजकूर सुधारला. आधीचं पत्र म्हणजे नुसता दम होता, ‘बरोबर त्याच वेळी यावे’. मी नमस्कार घातला, प्रकृतीची चौकशी घातली आणि शेवटी सगळीकडे असते तशी ओळ घातली, की शक्यतो दहा मिनिटे आधी यावे. एकवीस पत्रं टाकली. विचारलं नाही. कौतुक आपोआप होईल.

संध्याकाळी खारूताईचा फोन. खारूताई म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. लहानपणी पेन्सिली कुरतडायची, तेव्हापासूनचं नाव. आता ती डोळे तपासते, चष्म्यांच्या दुकानात. तिच्या दुकानाची इथे शाखा निघते आहे, तिने बदली मागितली आहे, आणि म्हणाली, बाबा, माझी गादी खिडकीशी टाका, तुमचं घोरणं बाहेर जाऊ दे.

ती फोनवर मोकळी हसते. समोर असली की हसताना तोंडावर हात. दहा वर्षांची असल्यापासून. दात तपकिरी आहेत तिचे, ठिपक्याठिपक्यांचे. शाळेच्या नोकरीसाठी मी ज्या गावी बिऱ्हाड केलं तिथलं बोअरचं पाणी तसं होतं. गाव मी निवडलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आमचे एक जुने पेशंट आहेत, निवृत्त पोस्टमास्तर, वय सत्तर, दात वीस वर्षांच्या नटाचे. पत्रं फार सुरेख लिहितात आणि प्रत्येक पत्रात भांडतात. आजच्या पत्रात त्यांनी माझी भाषा वाखाणली आणि पुढे लिहिलं, की परवा बोळात दर्शन झालं, पत्रलेखकाचं मुख पाहता दवाखान्याने त्याला पत्रापुरताच ठेवावा.

डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. घरात कोण कोण, असं विचारलं. मी एकटा, म्हटलं. आज ते खरं होतं. सिस्टर मध्येच म्हणाल्या, नको ताई, कशाला. त्या ‘ताई’वरून कळलं की या दोघी सख्ख्या बहिणी. डॉक्टरबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर मीही घोडा झालो. तीन फेऱ्या. जेल गार, दिवा गरम, आणि मधूनच एखाद्या दातातून कळ अशी जाते की तळपायाला कळतं. उठल्यावर दुसऱ्या पट्टीवरचा दुसरा दात जुळला. आरसा दिला तर क्षणभर वाटलं, माझ्या तोंडात कुणी पाहुणे उतरलेत.

रात्री दूधभात खाताना चमच्यात सात वेळा पाहिलं. त्रेपन्नाव्या वर्षी हे शोभत नाही. आठव्यांदा पाहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खारूताई आली. दोन ट्रंका, एक कुंडी आणि हजार सूचना. आल्या आल्या माझं तोंड पाहून किंचाळली, अहो बाबा, हे काय, कुठे लग्नबिग्न ठरलं की काय! आणि हसली, हात तोंडावर.

मला तो हात बघवेना. मी विचारलं, तुलाही करायचेत का. ती ट्रंक उघडायला लागली. मग म्हणाली, माझे नाही होणार, तीन डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हटलं, आमच्या बाईंचं औषध वेगळं आहे.

अडचण एकच, खणातला तिसरा नियम. पण फॉर्म माझ्या हातातून जातात. मी तिचा जुना पत्ता घातला, आडनाव आईकडचं घातलं. सव्वीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, आज स्वतः केली. एवढी सफाईने जमेल असं वाटलं नव्हतं. खारूताई म्हणाली, बाबा, खोटं कशाला, सरळ विचारा ना. मी म्हटलं, नियम बहुधा गर्दी होऊ नये म्हणून असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मी जपून ठेवणार आहे.

तिला चार फेऱ्या द्याव्या लागल्या, डाग खोल होते. मी बोळात उभा. बाईंनी स्टीलची पट्टी धरली, दोनदा पडताळली. मग कार्डावर लिहिलं: तिसरा.

खारूताई मागच्या दाराने बाहेर गल्लीत आली. मी आधीच तिथे जाऊन उभा होतो, अनोळखी माणसासारखा. तिने मोबाइलमध्ये पाहिलं आणि हसली. हात निम्म्या वाटेवर गेला आणि थांबला, त्याला आता काम उरलं नव्हतं. भर गल्लीत मोठ्यांदा हसली. मग रडली. मग मला दंडाला धरून म्हणाली, बाबा, थँक्यू म्हणणार नाही, तुम्ही लगेच भाषण द्याल.

मी दिलंच असतं. पण माझी नजर तिच्या दातांवरून हलत नव्हती. तिचा तिसरा, माझा दुसरा. बापाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाहुणे स्थिरावले आहेत, पण त, थ, द, ध म्हणताना जीभ दातांना टेकते तिथे गार लागतं. मुलांना दन्त्य वर्ण शिकवताना हे सांगायला हवं होतं.

दोघांनी मिळून श्वेतव्रत पाळलं. भात, दही, मीठ. ती दुकानातल्या गमती सांगत होती. एका आजोबांना भिंगं बदलून बदलून ती विचारत होती, हे बरं की ते, आणि आजोबा म्हणाले, तू सांगशील ते बरं. मी हसलो. ती बोलता बोलता थांबली.

माझ्या तोंडाकडे बघत होती. घास हातात तसाच. मी किती वेळ तिच्याकडे बघत होतो ते माहीत नाही, भातावर माशी बसून गेली होती.

मग ती म्हणाली, बाबा, तुम्ही तोंड मिटून खा ना. अगदी हळू, शहाण्या माणसासारखं. मलाही तेच म्हणायचं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जे पाहिलं ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की बरं वाटतं.

पोस्टमास्तरांना साडेअकराची वेळ होती. माझ्या पत्राचा मान राखून ते अकरा वीसला आले. आत नाच शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पंचविशीच्या, त्यांची तिसरी फेरी नुकतीच संपली होती. त्या पर्स विसरल्या म्हणून बाहेरच्या खोलीत गेल्या. पोस्टमास्तर खुर्चीतून उठून अदबीने हसले. त्याही हसल्या.

मी बोळातून बघत होतो. दोघांचं हसू मावळलंच नाही. ओठ मागे गेले ते तसेच राहिले. पोस्टमास्तरांनी छत्रीची मूठ त्यांच्या तोंडावर हाणली, पूर्ण ताकदीने, शिक्का मारल्यासारखी. त्या मागे हटल्या नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याचं तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. ताल चुकत नव्हता. आवाज फरशीवर बशा फुटाव्यात तसा. चौथ्यांदा बेसिनची पांढरी चिनीमाती तांबडी झाली आणि त्या त्या तांबड्यात बोटं घालून दात शोधू लागल्या. सिस्टर धावल्या, डॉक्टरबाईंनी सुई टोचली, आणि मग त्या नाचाच्या बाई जमिनीवर बसून रडू लागल्या की मी काय केलं, हे आजोबा कोण आहेत.

पोस्टमास्तर जिवंत आहेत. जबडा तीन ठिकाणी मोडला आहे.

माझ्या पायाशी एक दात आला होता. मी तो उचलला. पुसला. आता हे लिहितो, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही: मी तो खिडकीशी नेला आणि आधी उजेडात माझ्या दाताशेजारी धरून पाहिला. माझा जास्त पांढरा होता. मला बरं वाटलं.

दहा मिनिटं आधी. ती ओळ माझी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तिने दुधाचा पेला भरून ठेवला. मी बसलो. ती म्हणाली, झोप लागली का. मी म्हटलं, लागली. बोलायला तोंड उघडावं लागतं.

पेला माझ्या ओठावर बसला तेव्हा मला वाटलं हातातून निसटला असेल. मग दुसऱ्यांदा बसला. स्टीलचा, जड बुडाचा. ओठ फाटला. ती दात आवळून मारत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि मी काय करत होतो? तिची वेणी माझ्या मुठीला दोन वेढे घेऊन होती आणि मी तिचं डोकं ओट्याच्या कडप्प्याकडे खेचत होतो. लहानपणी ही वेणी मी घालायचो, तिची आई आजारी असताना.

कुकरची शिट्टी झाली. दोघेही सुटलो.

ती कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा, लागलं का हो, बाबा, माझं काय झालंय, बाबा. मी म्हटलं, काही नाही, काही नाही. मग तिने वळून पाहिलं. हात तोंडावर. जुनाच हात, जुन्याच जागी. या वेळी माझ्यासाठी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. खोटा पत्ता, आडनाव, सगळं. वाटलं ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, अकरा वर्षांत पेशंट तंबाखूबद्दल खोटं बोलले, वयाबद्दल बोलले, पत्त्याबद्दल माझाच माणूस बोलेल असं नव्हतं वाटलं, मास्तर.

मग सिस्टरना म्हणाल्या, दाखव यांना.

सिस्टरनी मास्क काढला. समोर काही नाही. वरची रांग नाही, खालची नाही, ओठ शिवलेले, वेडेवाकडे. ती स्टीलची पट्टी, तिच्यावरचे तीन दात — ते त्यांचे. पहिलं जेल दोघी बहिणींनी एकमेकींना लावलं होतं. एका घरात राहत होत्या. धाकटीला मामाकडे पाठवून दिलं, तर ती दोन दिवसांत परत आली, पायी, तळव्यांची सालं निघालेली. एकदा एका ताटावर बसलं की अंतराचा उपयोग नाही. आणि मोठीने स्वयंपाकघरात, भर दुपारी, आपल्याच चिमट्याने —

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या तोंडात बोटं घातली आणि सगळे दात बाहेर काढून टेबलावर ठेवले. कवळी. पिवळी, मुद्दाम तशी करून घेतलेली. बहिणीचे काढल्यावर शुद्ध आली, मग आरशासमोर बसून आपले काढले. खरं तर एकीचे निघाले की पुरतं, दुसरीचे राहिले तरी चालतात, म्हणाल्या.

मग हे अजून करता कशाला, असं मी विचारलं. कवळीशिवाय त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसत होता. म्हणाल्या, तुमच्या मुलीला गल्लीत हसताना मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही सांगा कशाला.

उपाय एकच. दोघांपैकी एकाचे. सगळे. सोमवारी अकराला.

२३ फेब्रुवारी, रविवार

ती आतल्या खोलीत, मी बाहेर. मध्ये भिंत. भिंतीला पाठ लावून दोघे बसलो आणि बोललो.

ती म्हणाली, माझे काढू दे बाबा, मला सवय आहे तोंड झाकायची. मी म्हटलं, गप्प बस, मी त्रेपन्न वर्षं चावलंय, पुष्कळ झालं. ती म्हणाली, कवळी लावून संस्कृत बोलाल तर फवारा उडेल. मी म्हटलं, मी पहिल्या बाकावर कुणाला बसवणार नाही.

हसली. हसण्याचा आवाज भिंतीतून आला आणि माझ्या हाताची मूठ वळली. मी ती मांडीखाली दाबून बसलो.

ठरलं. माझे. ती सोबत येणार आहे. नको म्हटलं. ऐकत नाही. पुढच्या खुर्चीवर बसेन, आत डोकावणार नाही, म्हणाली. तुमचा हात कोण धरणार मग.

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

निघतो आहोत. ती रस्त्याच्या त्या फुटपाथवरून, मी या. दोघांनी रुमाल बांधलेत. दूध घालून चहा केला, कपाने प्यालो, दातांवरून. शेवटचा.

सोमवार, पावणेबारा

माझ्या खोलीत. कडी लावली आहे.

कमान बसवली नव्हती. भूल दिली होती. डॉक्टरबाईंनी चिमटा लावला, पहिली दाढ निघाली, मी पाहत होतो, ठीक होतं. मग त्यांनी समोरच्या दाताला हात घातला. मी नको म्हटलं नाही. मला काढून हवा होता. शपथ. पण जबडा —

बाईंची दोन बोटं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मुळापासून नाही, दुसऱ्या पेरापासून. हाडाचा आवाज डोक्याच्या आतून येतो. थुंकलो. सिस्टर त्यांना घेऊन मागच्या दाराने धावल्या, ती बोटं टॉवेलात. जाता जाता म्हणाल्या, मास्तर, कडी लावा. कडी लावा आणि मी येईपर्यंत —

चिमटा माझ्याजवळ आहे. स्वतः करून पाहिलं. एक निघाला, बाजूचा, अर्धा तिथेच तुटला. वही भिजते आहे. दुसऱ्याला चिमटा नेला की तोंड मिटतं. मी मिटत नाही. ते मिटतं.

खारूताईने आरडाओरडा ऐकला. आत आली आहे. बोळात आहे.

तिने विचारलं, बाबा, झालं का. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, सगळे निघाले का. मी म्हटलं, हो, एकही दात उरला नाही. ती म्हणाली, खोटं बोलताय, त म्हणताना कळतंय.

घरी जा बाळा.

दाराला डोकं टेकवून उभी आहे. श्वास ऐकू येतो. आता रडते आहे. आता रडत नाही.

दारावर काहीतरी घासतंय. नख नाही.

दुकानातल्यासारखं विचारते आहे. गोड आवाजात. हे बरं की ते, बाबा. हे बरं की ते.

तिचे. तिचे बरे. आयुष्यभर तेच वाटत आलंय. तिचं सगळं माझ्यापेक्षा बरं. म्हणून तर —

सिस्टर आल्या नाहीत. बारा पाच.

लिहीत राहिलो की हात कामात राहतो. म्हणून लिहितो. अक्षर सुवाच्य नाही, माफी. प्रौढ आहे. शांत —

सरळ सांगतो. ती दार फोडेल ही काळजी मला नाही. दार भक्कम आहे. तिसरा. माझा दुसरा. उजेडात एकदा शेजारी धरून — फक्त एकदा — चिमटा आहेच —

कडी माझ्या बाजूला आहे. ती काळजी आहे. उजवा हात इथे आहे, वहीवर, मला दिसतो आहे. जोवर लिहितोय तोवर इथेच. डावा मात्र मघापासून